इंजिनघरांची रचना व निनांवी नकाशांचा कालनिर्णय

या त्रैमासिकाच्या वाचकांस मोडी दफ्तरें, ताम्रपट, शिलालेख व किल्ल्यांचीं वर्णनें यांची सवय आहे. तेव्हां कोळशाच्या धुरानें काळवंडलेल्या इंजिनघरांवरील लेख येथें पाहून कित्येकांचे कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या साधनांवरून आपण शंभर वर्षांपूर्वींचा काळ जाणूं इच्छितों, त्यांत आतां रेल्वेचे नकाशेही मोडूं लागले आहेत, आणि ते वाचावयाचे कसे याचा विचार आपणांत फारसा झालेला नाहीं. पुढील लेखास निमित्तही तसेंच घडलें.

एका रद्दीच्या दुकानांत जुन्या हिशेबवह्यांच्या गठ्ठ्यांत आम्हांस मेणकापडावर काढलेला एक नकाशा मिळाला. त्यावर गांवाचें नांव नाहीं, साल नाहीं, काढणाराची सहीही नाहीं. काळ्या शाईनें एक लांबट घर दाखविलें असून त्यांतून रुळांच्या चार जोड्या गेल्या आहेत. रुळांमध्यें लांब अरुंद खड्डे आहेत. बाजूस एक उंच ओटा, एक टांकी व एक लहान खोली आहे. आणि घराबाहेर ४५ फूट असें लिहिलेलें एक वर्तुळ आहे. दुसऱ्या हातानें मागाहून तांबड्या शाईनें तें वर्तुळ छेदून शेजारीं रुळांचा एक मोठा त्रिकोण आंखला आहे. दुकानदार हा कागद एखाद्या सरदाराच्या वाड्याचा म्हणून विकीत होता. वर्तुळ म्हणजे विहीर असा त्याचा तर्क! त्याला हंसण्याचें कारण नाहीं. आमच्यांतील किती संग्राहकांनीं अशीं वर्तुळें ओळखलीं असतीं, हा प्रश्नच आहे.

हा कागद वाचण्यास इंजिनघरांत काय चालत असे हें आधीं ठाऊक असावें लागतें. वाफेचें इंजिन गाडी पोंचवून आलें म्हणजे त्याचें काम संपलें असें होत नसे. उलट दुसऱ्यांचें काम तेव्हांच सुरू होई. तें प्रथम कोळशाच्या ओट्यापाशीं जाई. कोळसा भरल्यावर पाणी; त्यासाठीं उंचावर टांकी आणि रुळाशेजारीं चामड्याची सोंड लोंबणारा लोखंडी खांब. मग वाळू. ओल्या रुळांवर चाकें घसरूं नयेत म्हणून चाकांपुढें बारीक वाळू सोडीत, व ती नळींत अडकूं नये म्हणून अगोदर भट्टीवर कोरडी करून ठेवावी लागे. आमच्या नकाशांतील लहान खोली ती हीच. तिला धुराडें दाखविलें आहे, त्यावरून ती ओळखतां येते.

त्यानंतर इंजिन राखेच्या खड्ड्यावर येई, आणि येथें इंजिनघरांतील सर्वांत कष्टाचें काम होई. जाळीवर जमलेला लाल कीट लांब दांड्याच्या फावड्यानें व सळईनें ओढून काढावयाचा, खालच्या पेटींतील राख खड्ड्यांत पाडावयाची, पुढचें वाटोळें दार उघडून धुराच्या पेटींत साचलेली काजळी उपसावयाची. वरून उष्णता, खालून धग, आणि वाऱ्याबरोबर डोळ्यांत राख. पाण्याचा फवारा मारला म्हणजे गंधकाचा उग्र वास सुटे. ज्या नकाशांत राखेचे खड्डे घराच्या आंत आहेत तेथील माणसांची स्थिति काय होत असेल, याचा विचार वाचकांनींच करावा. जाणत्या रचनाकारानें ते घराबाहेर व वाऱ्याच्या उलट अंगास ठेविलेले असत.

मग इंजिनाचें तोंड फिरविण्याचें काम. मागें कोळशाची गाडी जोडलेलें इंजिन उलटें धांवूं शकत नसे असें नाहीं. परंतु त्यास मंद जावें लागे व चालकास पुढचें नीट दिसत नसे. म्हणून त्यास टर्नटेबलावर घेत. टर्नटेबल म्हणजे वाटोळ्या खड्ड्यांत मध्यकीलावर फिरणारा रुळांचा एक पूल. इंजिन नेमक्या तोलावर उभें केलें तर दोनचार माणसें तें हातानें ढकलून फिरवीत. एक वीतभर पुढें मागें झालें तर दहांनाही हलत नसे. पुढें पुढें इंजिनाच्याच ब्रेकच्या निर्वातशक्तीनें चालणारें लहान यंत्र टेबलास जोडण्याची युक्ति निघाली.

एवढें झालें म्हणजे इंजिन घरांत येई. घरांतील रुळांमधील खड्डे तपासणीचे. कारागीर खालीं उतरून सांधे, दांडे व ब्रेक पाही. ठराविक दिवसांनीं बॉयलर थंड करून धुवावा लागे; पाण्यांतील क्षार आंत थरासारखे बसत व त्यांमुळें पत्रा तापून जाण्याचें भय असे. जेथील पाणी जड तेथें ही पाळी लवकर येई. म्हणजे टांकी कोणत्या विहिरीवर वा नदीवर अवलंबून आहे, यावर त्या घरांत किती इंजिनें एकाच वेळीं बंद राहतील हें ठरे. थंड झालेल्या बॉयलरांत पुन्हां पुरती वाफ होण्यास कित्येक तास लागत. म्हणून पहांटेच्या गाडीच्या इंजिनाची आग मध्यरात्रीपूर्वीं घालणारा माणूस इंजिनघरांत असावाच लागे. आणि चालकांस वेळेवर उठविण्यास त्यांच्या दारोदार हिंडणारा पोऱ्याही. त्याची नोंदवही कोणास सांपडल्यास ती टाकूं नये. एखाद्या रेल्वेवस्तींत कोण कोठें राही याचा तीहून चांगला पुरावा मिळणार नाहीं.

आतां रचनेकडे वळूं. इंजिनघरांचे मुख्य प्रकार दोन: सरळ व वाटोळें. सरळांत रुळ एका बाजूनें आंत जातात व पुष्कळ ठिकाणीं दुसऱ्या बाजूनें बाहेर पडतात. वाटोळ्यांत मध्यें टर्नटेबल असून त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें रूळ निघतात व प्रत्येकावर एकेक इंजिन उभें राहतें. वाटोळें जुनें व सरळ नवें, असा समज पुष्कळांचा आहे; आमच्या मतें तो चुकीचा आहे, व त्यावर विसंबून नकाशांचा काळ ठरविणें धोक्याचें आहे.

वाटोळ्या घरांचें एक ठळक उदाहरण इंग्लंडांतील डर्बी येथील. नॉर्थ मिडलंड रेल्वेनें तें १८३९ सालीं बांधिलें. त्याचा आराखडा फ्रान्सिस थॉम्सन या शिल्पज्ञाच्या नांवावर मोडतो. भिंत सोळा बाजूंची व आंत सोळा रूळ. हें घर अद्यापि उभें असून शिल्लक असलेल्या वाटोळ्या इंजिनघरांत तें सर्वांत जुनें मानतात. मध्यंतरीं तें ओस पडलें होतें. २००९ पासून तेथें एक विद्यालय भरतें.

त्याहून उद्बोधक कथा लंडनांतील कॅम्डनच्या घराची आहे. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठीं रॉबर्ट स्टीफन्सन व डॉकरे यांच्या देखरेखीखालीं तें १८४७ सालीं पुरें झालें. व्यास सुमारें १६० फूट. बिडाचे २४ खांब वर्तुळांत उभे केलेले. त्यांवर शंकूच्या आकाराचें छप्पर, व शेंड्याशीं धूर जाण्यास वाट. मध्यें ३६ फुटांचें टर्नटेबल. चोवीस रूळांपैकीं एक येण्याजाण्याचा, म्हणून २३ मालगाडीचीं इंजिनें आंत मावत. त्या काळाच्या मानानें ही इमारत भव्य होती यांत संशय नाहीं. परंतु बांधणारांनीं एका गोष्टीचा विचार केला नव्हता. इंजिनें वाढतात हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं, किंवा आलें असल्यास इतक्या लवकर वाढतील असें वाटलें नाहीं. विसेक वर्षांच्या आंत नवीं इंजिनें ३६ फुटांच्या टेबलावर बसेनाशीं झालीं. टेबल मोठें करावें तर खांब आड येत. आणि सगळें छप्पर त्या खांबांवर! भिंत पाडल्याखेरीज घर वाढत नाहीं, आणि भिंत पाडली तर घर उरत नाहीं. १८७१ पासून तेथें गिल्बी नांवाच्या मद्यविक्रेत्यांचें कोठार झालें व तें पुढें अर्धशतकाहून अधिक काळ राहिलें. १९६४ नंतर तेथें नाट्य व संगीत यांचे प्रयोग सुरू झाले; २००६ सालीं डागडुजी होऊन तें रंगमंदिर पुन्हां उघडलें. ज्या कामासाठीं बांधिलें तें काम त्या घरानें पंचवीस वर्षेंही केलें नाहीं, आणि इतर कामांवर तें दीडशें वर्षें जगलें. संरक्षित इमारतींच्या यादींत तें १९५४ सालींच आलें होतें, म्हणून वांचलें.

एवढ्यावरून वाटोळी रचना टाकाऊ ठरली असें मात्र कोणीं समजूं नये. तिचा मोठा गुण असा कीं, कोणतेंही इंजिन दुसऱ्यास न हलवितां बाहेर काढतां येतें. सरळ घरांत एकामागें एक चारपांच उभीं असलीं व मागचें हवें असलें तर पुढचीं सर्व हलवावीं लागतात. पुढच्याची आग विझलेली असल्यास तें ओढण्यास आणखी एक इंजिन आणावें लागतें. वाटोळ्याचा दोषही तसाच मोठा: टेबल एकदां बिघडलें कीं आंतील सगळीं इंजिनें बंदिवान. म्हणजे ही निवड जुन्यानव्याची नव्हती. जागा किती, इंजिनें किती प्रकारचीं, तीं केव्हां हवीं, यांवर ती अवलंबून असे. मिडलंड रेल्वेनें १८७० सालीं बॅरो हिल येथें चौकोनी भिंतींच्या आंत वाटोळी मांडणी केली व २४ रूळ बसविले. तें घर १९९८ पासून लोकांस पाहण्यास खुलें आहे. चर्चवर्ड यानें ग्रेट वेस्टर्नसाठीं ओल्ड ओक कॉमन येथें १९०६ सालीं एकाच छपराखालीं ६५ फुटांचीं चार टेबलें मांडिलीं. एक बिघडलें तरी तीन चालतात. जुन्या आक्षेपास इतकें साधें उत्तर दुसऱ्या कोणीं इतक्या मोठ्या प्रमाणावर दिलेलें आम्हांस आढळलें नाहीं. आणि थॉर्नबी येथें १९५८ सालीं, म्हणजे वाफेचा अंत दिसूं लागला असतां, अष्टकोनी घर टर्नटेबलासह बांधिलें गेलें. तेथील वाफेचीं इंजिनें १९६४ च्या डिसेंबरांत गेलीं. उलट कार्नफोर्थ येथें लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेनें १९४० नंतर उभारलेलें घर सरळ आहे. तेथें कोळसा व राख यांसाठीं काँक्रीटचे उंच मनोरे बांधिले, व ते अद्यापि उभे आहेत. १८३९ पासून १९५८ पर्यंत दोन्ही रचना शेजारीं नांदत होत्या, हें एवढ्यानें सिद्ध होतें.

काळ सांगते ती घराची आकृति नव्हे, तर टेबलाचा व्यास. १८४७ सालीं ३६ फूट, १९०६ सालीं ६५ फूट, आणि १९३० नंतर मोठ्या घरांतून ७० फूट, असा चढ स्पष्ट दिसतो. परंतु येथेंही एक सावधगिरी पाहिजे. मोठें टेबल कागदाचा काळ एका बाजूनें बांधून देतें. लहान टेबल देत नाहीं. फांट्यावरील लहान स्टेशनांतून जुनीं टेबलें पिढ्यान्‌पिढ्या तशींच राहत, कारण तेथें लहान इंजिनेंच येत. कागदांतील जलचिन्हाचें जें प्रमाण, तेंच याचें. चिन्ह ज्या सालचें त्यापूर्वींचा लेख असूं शकत नाहीं; परंतु त्या सालचाच आहे असें कोठें?

कोळशाच्या ओट्याविषयींही थोडें सांगणें जरूर आहे. विसाव्या शतकांत पुष्कळ रेल्वेंनीं कोळशाचा भरलेला डबा अख्खा उचलून मनोऱ्यांत ओतणारीं यंत्रें आणिलीं. परंतु ग्रेट वेस्टर्ननें जुना उतरणीचा ओटाच ठेविला. डबे चढणीवरून ओट्यावर ढकलावयाचे, माणसांनीं फावड्यांनीं लहान ढकलगाड्या भरावयाच्या, व त्या इंजिनावर उपड्या करावयाच्या. यास त्यांचा कर्मठपणा म्हणून हंसणारे हंसत; पण कारण कोळशांत होतें. वेल्समधील उत्तम कोळसा ठिसूळ. उंचावरून टाकला तर त्याचा भुगा होई. डिडकॉट येथें १९३२ सालचा असा ओटा, डोक्यावर पाण्याची टांकी घेऊन, अजून पाहावयास मिळतो. तेव्हां ओट्याचा प्रकार पाहून तो मागासलेला कीं सुधारलेला असा निवाडा करण्यापूर्वीं कोळसा कोणत्या खाणीचा हें विचारावें.

संग्राहकांच्या विशेष उपयोगी पडेल असा एक मुद्दा शिक्क्यांचा आहे. इंग्लंडांत १९३५ पासून लंडन मिडलंडच्या व १९५० पासून सर्व ब्रिटिश रेल्वेच्या इंजिनांवर, पुढच्या वाटोळ्या दारावर, बिडाचा अंडाकृति लहान पत्रा असे. त्यावर अंक व अक्षर यांनीं इंजिनाचें घर सांगितलेलें असे. १ए म्हणजे विल्झडेन, १७ए म्हणजे डर्बी, ८१ए म्हणजे ओल्ड ओक कॉमन. हे पत्रे आतां मोठ्या किंमतीस विकले जातात. परंतु मुद्रेवरून राजा ओळखण्यांत जी चूक होते तीच येथेंही होते: घरांचे क्रमांक बदलत गेले. १०ए हा क्रमांक १९५८ पर्यंत विगनजवळील स्प्रिंग्ज ब्रँचचा होता, व १९६३ पासून तो कार्नफोर्थला मिळाला. नुसता १०ए असा पत्रा हातीं असणारानें तो कार्नफोर्थचा म्हणून मिरवूं नये. ब्रिटिश रेल्वेवरील वाफेचा शेवट १९६८ च्या ऑगस्टांत झाला, व अखेरपर्यंत चाललेल्या तीन घरांपैकीं कार्नफोर्थ एक; म्हणून त्या पत्र्यास मोल अधिक, आणि म्हणूनच चूक करण्याचा मोहही अधिक.

आपल्या देशांत रेल्वे १८५३ च्या १६ एप्रिल रोजीं मुंबई ते ठाणें अशी सुरू झाली, आणि त्याबरोबर इंजिनघरेंही आलीं. त्यांस येथें कोणी इंजिनघर म्हटलें नाहीं. लोकांच्या तोंडीं तीं लोको शेड, व पुढें नुसतें लोको. गांवांतील माणूस ‘लोकोंत लागला’ असें म्हणत, तेव्हां तो कोठें लागला हें विचारावें लागत नसे. येथील शेड बहुधा सरळ व बाजूंनीं उघडी. थंडीचें भय नाहीं, ऊन व पाऊस अडला कीं पुरे. जमीन मुबलक असल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं टर्नटेबलाऐवजीं रुळांचा त्रिकोण करीत. इंजिन त्याच्या तिन्ही बाजू फिरून आलें कीं तोंड आपोआप बदलतें, व कितीही लांबीचें इंजिन त्यावर चालतें. मोडण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या दोन घाटांनीं शेडांच्या जागा ठरविल्या. बोर घाट १८६३ सालीं व थळ घाट १८६५ सालीं खुला झाला. दोहोंचाही चढ सदतीस फुटांस एक फूट. गाडीस मागून रेटणारीं जादा इंजिनें घाटाच्या तोंडाशीं वाफ धरून उभीं ठेवावीं लागत, म्हणून गाड्यांच्या मानानें तेथें शेडांचा पसारा मोठा. पुढें याच कारणानें वीजही तेथेंच आधीं आली. मुंबईंत विजेची गाडी १९२५ च्या ३ फेब्रुवारी रोजीं चालली, आणि १९३० च्या सुमारास कल्याणहून पुणें व इगतपुरी या दोन्ही वाटांवर विजेचीं इंजिनें धांवूं लागलीं. ज्या मालइंजिनास लोक खेकडा म्हणत तें याच काळचें. तेव्हां घाटांतील वाफेचीं शेडें देशांतील इतर ठिकाणांहून दोनतीन पिढ्या अगोदर निकामी झालीं. त्यांचे नकाशे रद्दींत जाण्यासही तितकाच अधिक काळ मिळाला. इतरत्र ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ सालीं संपली. हरियाणांतील रेवाडी येथील १८९३ सालची शेड दुरुस्त करून २०१० पासून पाहण्यास ठेविली आहे. अशी काळजी सर्वांच्या वांट्यास आली नाहीं.

आतां आमच्या नकाशाकडे येऊं. प्रमाणपट्टी लावून रुळांमधील अंतर मोजतां तें ५ फूट ६ इंच भरतें; म्हणजे शेड ब्रॉडगेजची, व दक्षिणेकडील मीटरगेजच्या रेल्वेचा प्रश्न निकालांत निघतो. घराच्या एका टोंकास विश्रांतीच्या दोन खोल्या असून काळ्या हातानें एकीवर युरोपियन व दुसरीवर नेटिव्ह असें लिहिलें आहे. दूरच्या चालकांनीं व आगवाल्यांनीं रात्र काढण्याच्या या रनिंग रूम. पहिली दुसरीच्या दुपटीहून मोठी आहे, व राखेचा खड्डा दुसरीच्या दारापासून अवघ्या कांहीं हातांवर आहे. वाऱ्याच्या उलट अंगास खड्डा असावा असें वर आम्ही म्हटलें. तो वारा कोणाकरितां मोजीत, हें या कागदानें आम्हांस शिकविलें. तांबड्या हातानें नेटिव्ह हा शब्द खोडून इंडियन असें केलें आहे, खोली मात्र तेवढीच ठेविली आहे. सरकारी लिखाणांतून पहिला शब्द जाऊन दुसरा रूढ होण्याचा काळ विसाव्या शतकाचा पूर्वार्ध. त्रिकोणही लांब इंजिनें आल्यावरचा. तेव्हां तांबडा हात विसाव्या शतकांतील व काळा हात त्यापूर्वींचा असें आम्ही धरितों. काळ्या हाताचा काळ नुसत्या ४५ फुटांवरून याहून अधिक आंखडतां येत नाहीं, व तसा प्रयत्न कोणीं करूं नये. मेणकापड वापरलें आहे त्यावरून हा मूळ आराखडा, ज्यावरून निळे नकाशे छापीत तो, असला पाहिजे. ती निळ्या छपाईची पद्धत हर्शेल यानें १८४२ सालीं शोधिली असली तरी कचेऱ्यांतून ती १८७० नंतर रुळली, हेंही लक्षांत घ्यावें.

ज्या वाचकांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते घडी घालून ठेवूं नयेत. मेणकापडाची घडी जेथें पडते तेथेंच शाई आधीं जाते. गुंडाळी करून ठेवावी, व मंडळाकडे नक्कल पाठवितांना पाठीमागच्या बाजूचीही पाठवावी. आमच्या नकाशाच्या पाठीवर पेन्सिलीनें सात ओळींची मोडींतील एक यादी आहे. तींत सात माणसांचीं नांवें, प्रत्येकापुढें कोळशाच्या पाट्यांचा आंकडा, व शेवटच्या दोघांपुढें ‘गैरहजर’ असें लिहिलें आहे.